मोडलेल्या आरंभाची आवराआवर

‘बिनतारी’ हा शब्द मराठींत रूढ झाला तो तारायंत्राच्या पाठोपाठ, आणि पुढें कितीएक वर्षें त्याचा अर्थ रेडिओ असाच होता. आतां तो घरोघरीं वायफायच्या रूपानें नांदत आहे. लॅपटॉप उघडला, पडद्याच्या कोपऱ्यांतील कमानींची खूण उजळली, म्हणजे बिनतारी यंत्र चालू झालें असें आपण समजतों. खूण उजळली नाहीं तर आपण बहुधा संगणक बंद करून पुन्हां सुरू करतों, आणि पुष्कळदां तेवढ्यानें काम भागतें. तें कां भागतें, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें त्याविषयीं. बिनतारी यंत्र चालू होतां होतां अर्ध्यावर अडलें, तर तोंपर्यंत त्याच्या नांवानें संगणकापासून जें जें मागून घेतलेलें असतें, तें परत कोण करतो? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या अनुषंगानें संगणकशास्त्रांतील नामांकित पंडित एकमेकांवर घसरले आहेत, आणि त्याचें उत्तर चुकल्यामुळें परक्या माणसाला आपल्या संगणकाचा ताबा घेण्याची वाट मिळूं शकते, असें जाहीर करण्याची पाळीहि तज्ज्ञांवर आलेली आहे.

यंत्र म्हणजे येथें संगणकाच्या आंत बसविलेली एक लहानशी पट्टी, किंवा बाहेरून खोंचावयाचा अंगठ्याएवढा यूएसबी ठोकळा. त्याला त्याची स्वतःची भाषा असते. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली, जिला कर्नेल म्हणतात, तिला ही भाषा समजत नाहीं. म्हणून दोघांच्या मध्यें एक दुभाषा बसविलेला असतो. या दुभाष्याचें नांव ड्रायव्हर. मोटार हांकणाऱ्या ड्रायव्हरशीं त्याचें नातें नांवापुरतेंच आहे. आजच्या कथेसाठीं मी लिनक्स या कर्नेलची निवड केली आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तें लिहावयास घेतलें. आज अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक फोनच्या पोटांत तें आहे. त्याचा सगळा मजकूर जगापुढें उघडा असतो, आणि कोणती ओळ केव्हां व कां बदलली याची नोंदहि उघडी असते. चुकांचा इतिहास लिहिणाराला याहून चांगलें दप्तर सांपडणार नाहीं.

सुरू होतांना हा ड्रायव्हर काय काय करतो तें क्रमानें पाहूं, कारण पुढील सर्व कथा या क्रमावर उभी आहे. प्रथम तो यंत्राला जागें करतो. मग यंत्राशीं बोलण्याचे जे ठराविक पत्ते असतात ते आपल्या नांवावर करून घेतो. त्यानंतर कामापुरती मेमरी मागतो. तिच्यापैकीं कांहीं भाग असा असतो कीं त्यांत यंत्र स्वतःच, कोणाला न विचारतां, हवेंतून आलेले संदेश लिहीत जातें. मग तो कर्नेलला सांगतो कीं या यंत्रानें हांक मारली म्हणजे मला अमक्या जागीं बोलवा. या हांकेला इंटरप्ट म्हणतात. पुष्कळ बिनतारी यंत्रांना त्यांची स्वतःची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बाहेरून भरवावी लागते. तीहि तो भरवितो. सर्वांत शेवटीं तो बिनतारी व्यवहार पाहणाऱ्या विभागाकडे यंत्राची नोंदणी करतो, आणि मग आपल्या पडद्यावर ती खूण उजळते.

आतां समजा, चार पायऱ्या चढून झाल्या आणि पांचव्या पायरीवर फर्मवेअर मिळालेंच नाहीं. ड्रायव्हरनें नकार कळवून परत फिरावयाचें. परंतु फिरण्यापूर्वीं पहिल्या चार पायऱ्यांवर घेतलेलें सर्व कांहीं परत करावयाचें, आणि तेंहि उलट क्रमानें. आपल्याकडे ऐन वेळीं लग्न मोडलें तर काय होतें तें आठवा. मांडव घातला गेला असेल, भाड्याचीं भांडीं आलीं असतील, आचाऱ्याशीं बोलणें मात्र व्हावयाचें असेल. अशा वेळीं भांडीं परत जातात, मांडव उतरतो, पण ज्याला सांगितलेंच नाहीं त्या आचाऱ्याचा हिशेब चुकविण्यास कोणी जात नाहीं. शिवाय मांडवाचे खांब उपटण्यापूर्वीं आंत टांगलेलीं झुंबरें उतरावीं लागतात. घेतलें तेवढेंच परत करावयाचें, न घेतलेल्याला हात लावावयाचा नाहीं, आणि शेवटीं घेतलेलें आधीं सोडावयाचें, असे हे साधे नियम आहेत. ते कळावयास पांच मिनिटें पुरतात; पाळण्यासाठीं पन्नास वर्षें खटपट चालली आहे.

नियम मोडला तर काय होतें? सर्वांत सौम्य अपराध म्हणजे मेमरी परत करावयाची राहणें. ती कोणाच्याच कामाची राहत नाहीं आणि कोणाला देतांहि येत नाहीं. यालाच गळती म्हणतात. आपण संगणक बंद करून सुरू करतों तेव्हां सगळा फड नव्यानें मांडला जातो, म्हणून घरगुती वापरांत ही गळती लक्षांत येत नाहीं. महिनोन्महिने अखंड चालणाऱ्या संगणकांत मात्र ती साठत जाते. दुसरा अपराध याहून भारी आहे. ड्रायव्हरनें मेमरी परत केली, पण ‘मला हांक मारा’ ही नोंद काढावयास तो विसरला. जुन्या पद्धतीच्या जोडणींत एकाच तारेवर दोनतीन यंत्रें हांक मारीत असत. शेजारच्या यंत्रानें हांक मारली कीं कर्नेल या निघून गेलेल्या ड्रायव्हरलाहि बोलावी, आणि बोलावणें जाऊन पडे तें अशा जागीं कीं जेथें आतां दुसऱ्याच कोणाचा संसार मांडलेला असे. तिसरा अपराध सर्वांत भयंकर. यंत्राला न थांबवितांच त्याची मेमरी काढून घेतली, तर यंत्र बिचारें इमानानें त्याच पत्त्यावर लिहीत राहतें. जी मेमरी एव्हांना कोणाच्या पत्राची किंवा हिशेबाची झालेली असेल, तिच्यावर हवेंतले संदेश उमटतात. अशा बिघाडाचें मूळ शोधणें फार कठीण, कारण चूक एकीकडे होते आणि पडझड भलतीकडेच दिसते.

हें उलट क्रमानें फिरणें लिहून कसें दाखवावयाचें, येथून वादाला सुरुवात होते. आणि त्याचें मूळ लिनक्सच्याहि पूर्वींचें आहे. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचें एक पत्र मार्च १९६८ मध्यें अमेरिकेंतील एका संगणक-मासिकांत प्रसिद्ध झालें. त्या काळच्या आज्ञावल्यांत ‘गो टू’, म्हणजे ‘येथून उठून अमक्या जागीं जा’, ही आज्ञा सढळपणें वापरीत. डायक्स्ट्रा यांचें म्हणणें असें कीं, या उड्यांमुळें वाचणाऱ्याला कोणत्याहि क्षणीं आपण कोठें आहोंत तें कळेनासें होतें. सबब ही आज्ञा टाकून द्यावी. पत्राला त्यांनीं दिलेलें शीर्षक बरेंच सौम्य होतें. तें बदलून ‘गो टू अपायकारक’ अशा अर्थाचें ठळक शीर्षक संपादक निक्लाउस वर्थ यांनीं घातलें, आणि वाङ्मयांत शीर्षकाचा प्रताप काय असतो याचा प्रत्यय संगणकशास्त्रालाहि आला. विद्यार्थ्यांच्या दोनतीन पिढ्या ‘गो टू’ला सोवळ्यांत न घेतां वाढल्या. १९७४ सालीं डोनाल्ड क्नूथ यांनीं एक दीर्घ निबंध लिहून दाखविलें कीं कांहीं ठिकाणीं, विशेषतः चूक आढळून बाहेर पडावयाचें असतां, ही आज्ञा वापरल्यानें लिखाण उलट स्पष्ट होतें. परंतु शीर्षक जितकें दूर गेलें तितका हा निबंध गेला नाहीं.

बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास जी ‘सी’ नांवाची भाषा घडविली, तिच्यांत ‘गो टू’ ठेवलेलें होतें. लिनक्सची बांधणी याच भाषेंत आहे. ड्रायव्हर लिहिणारांपुढें अडचण अशी कीं, दहा पायऱ्या असतील तर अडण्याच्या दहा जागा झाल्या. प्रत्येक जागीं मागील सर्व परतफेड पुन्हां लिहीत बसलें, तर दुसऱ्या जागीं एक ओळ, तिसऱ्या जागीं दोन, आणि दहाव्या जागीं नऊ, अशी भर पडत जाते. मधेंच एक नवी पायरी घातली कीं पुढच्या सर्व जागा दुरुस्त करावयाच्या, आणि त्यांतली एखादी हमखास राहून जावयाची. म्हणून लिनक्सकारांनीं एक जिना तयार केला. कार्याच्या तळाशीं परतफेडीच्या ओळी एकदांच, उलट क्रमानें लिहावयाच्या आणि प्रत्येकीवर एक खूण ठेवावयाची. पांचव्या पायरीवर अडलेल्यानें ‘गो टू’ करून चौथीची परतफेड जेथें आहे त्या खुणेवर उडी मारावयाची आणि तेथून घसरत तळापर्यंत यावयाचें. तिसऱ्यावर अडलेल्यानें दुसरीच्या खुणेवर उडी मारावयाची. ज्या आज्ञेला डायक्स्ट्रा यांनीं वाळींत टाकलें, तिच्याच आधारानें लिनक्समधील हजारों ड्रायव्हर परतीची वाट चालत आले आहेत.

जानेवारी २००३ मध्यें एका प्रोग्रॅमरनें लिनक्सकारांच्या खुल्या पत्रव्यवहारांत या ‘गो टू’बद्दल नापसंती व्यक्त केली. टॉरव्हाल्ड्स हे मवाळ भाषेसाठीं प्रसिद्ध नाहींत. त्यांनीं उत्तरांत वर्थ यांचें नांव घेऊन, त्यांच्या शिकवणीनें लोकांच्या बुद्धीवर झापड आली आहे अशा आशयाचा टोला हाणला. पत्राला मथळा देणारे वर्थ पस्तीस वर्षांनंतर असे अचानक पुन्हां रणांत ओढले गेले. माझ्या मतें या वादांत दोन्ही पक्षांची बाजू खरी होती, कारण दोघे निरनिराळ्या वस्तूंविषयीं बोलत होते. डायक्स्ट्रा यांना भय होतें तें वाटेल त्या दिशेनें मारलेल्या उड्यांचें. लिनक्सचा जिना फक्त खालीं उतरतो.

तथापि जिना बांधला म्हणून पाय घसरावयाचे थांबत नाहींत. लिनक्सची लेखनपद्धति सांगणारी जी अधिकृत टांचणें आहेत, त्यांत एका विशिष्ट चुकीची वेगळी नोंदच आहे. आळसानें सर्व पायऱ्यांसाठीं एकच खूण ठेवली, कीं पहिल्याच पायरीवर अडलेला मनुष्यहि त्या खुणेवर येतो आणि जें कधीं हातीं आलेंच नव्हतें त्याच्या पोटांतलें सामान परत करावयास जातो. तेथेंच असेंहि बजावलें आहे कीं खुणांना एक, दोन, तीन असे आंकडे देऊं नयेत. जी परतफेड तेथें होते तिचें नांव द्यावें. पायरी मधेंच वाढली तर आंकडे चुकतात, नांवें चुकत नाहींत.

स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००१ सालीं लिनक्सच्या अनेक आवृत्त्या यांत्रिक साधनानें तपासल्या. कांहीं जातींच्या चुकांचें प्रमाण कर्नेलच्या इतर भागांपेक्षां ड्रायव्हरांत तिपटीपासून सातपटीपर्यंत अधिक आढळलें. २०१३ सालीं फ्रान्समधील संशोधकांच्या ‘हेक्टर’ नांवाच्या साधनानें तर नेमका आपलाच विषय हातीं घेतला: अडल्यावर बाहेर पडतांना परतफेड कोठें राहून गेली आहे? लिनक्स व इतर पांच मोठ्या आज्ञावल्या मिळून पूर्वीं कोणाच्याहि लक्षांत न आलेल्या अशा साडेतीनशेंहून अधिक जागा त्यांनीं दाखवून दिल्या. ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, या आज्ञावल्या लिहिणारे नवशिके नव्हते. ज्या फंक्शनांत एक परतफेड विसरली होती, त्याच फंक्शनांत इतर दहा जणीं ती नीट केलेली होती, आणि या विसंगतीवरूनच हेक्टरला चोर सांपडत असे.

मग विसर कां पडावा? याचें उत्तर, मला वाटतें, टेजुन हिओ या कोरियन प्रोग्रॅमरनें सर्वांत मोकळेपणानें दिलें आहे. हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरांची साफसफाई करतांना त्यांना आढळलें कीं सोडण्याच्या आणि अडण्याच्या वाटा चुकांनीं भरल्या आहेत. कारण त्यांनीं सांगितलें तें असें: ज्याची माहितीपुस्तिका नाहीं, किंवा आहे ती चुकीची आहे, अशा यंत्राशीं दिवसभर झटून तें एकदांचें चालूं लागलें, कीं मनुष्य सुटकेचा श्वास टाकतो. तें चालूं लागलें नाहीं तर काय, ही वाट मग कोण चालून बघणार? आणि त्यांतहि अडण्याची वाट अधिक वाईट, कारण तिच्यावर रहदारी सर्वांत कमी आणि तिला फुटणाऱ्या आडवाटा सर्वांत जास्त.

हिओ यांनीं यावर जो उपाय काढला तो एप्रिल २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तींत आला. तो एखाद्या वाण्याच्या खातेवहीसारखा आहे. प्रत्येक यंत्राच्या नांवानें कर्नेल एक खातें उघडतें. ड्रायव्हरनें जें जें मागितलें तें तें त्या खात्यावर मांडलें जातें, आणि त्याची परतफेड कशी करावयाची तेंहि तेथेंच लिहिलें जातें. यंत्र काढून घेतलें, किंवा तें सुरू होतां होतां अडलें, कीं कर्नेल स्वतः खातें शेवटल्या नोंदीपासून पहिल्या नोंदीपर्यंत उलट वाचीत सगळें चुकतें करतें. ड्रायव्हरनें फक्त ‘जमलें नाहीं’ म्हणून परत फिरावयाचें. स्मरण ठेवण्याचें काम माणसाकडून वहीकडे गेलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत, पुढच्याच आवृत्तींत, बिनतारी यंत्रांसाठीं एक सामाईक विभागहि कर्नेलमध्यें दाखल झाला. डिव्हाइसस्केप नांवाच्या कंपनीनें देऊं केलेल्या मजकुरावरून तो तयार केलेला होता. त्यामुळें प्रत्येक ड्रायव्हरनें वायफायचे सर्व नियम आपापले लिहावयाचे, हा द्राविडी प्राणायाम संपला. मात्र या विभागाची पद्धत अशी कीं यंत्राचें दप्तर आधीं मागून घ्यावयाचें आणि नोंदणी मागाहून करावयाची, म्हणजे परतफेडीच्याहि दोन स्वतंत्र पायऱ्या झाल्या. दप्तर मिळालें पण नोंदणी व्हावयाची आहे, या मधल्या अवस्थेंत अडलेल्या ड्रायव्हरांनीं पुढें बराच ताप दिला.

२०१२ सालीं एक अशी गोष्ट घडली कीं जिनें या ओसाड वाटेवर रहदारी सुरू केली. मोबाईल फोनांत एका यंत्राची वीज दुसऱ्या यंत्राच्या हातीं असते, दुसऱ्याचें घड्याळ तिसऱ्याच्या. बिनतारी पट्टी वीज मागावयास गेली तर वीज देणारें यंत्रच अजून जागें झालेलें नाहीं, असें सर्रास होई. कोणी आधीं उठावें याचा क्रम तोंवर हातानें जुळवावा लागे. त्या वर्षीं मे महिन्यांत आलेल्या ३.४ या आवृत्तीपासून ड्रायव्हरला ‘आतां नको, मागाहून बोलवा’ असें उत्तर देण्याची मुभा मिळाली. ग्रँट लाइकली यांची ही योजना. तिचा परिणाम असा झाला कीं, अडून परत फिरणें हा अपघात न राहतां प्रत्येक फोनच्या प्रत्येक सुरुवातीचा नित्यविधि होऊन बसला. एकच ड्रायव्हर दोनदां अडे, तीनदां अडे, आणि चौथ्यांदा यशस्वी होई. ज्यानें पहिल्या वेळीं पत्ते सोडले नाहींत, त्याला दुसऱ्या वेळीं स्वतःच अडविलेले पत्ते मिळत नसत. पूर्वीं वर्षानुवर्षें झांकून राहणाऱ्या चुका पहिल्याच दिवशीं उघड्या पडूं लागल्या.

पुढील काळांत या वाटेवर मुद्दाम माणसें, किंवा खरें म्हणजे यंत्रें, पाठविण्यांत येऊं लागलीं. मेमरी मागितली असतां खोटा नकार द्यावयाचा आणि ड्रायव्हर काय करतो तें पहावयाचें, अशी परीक्षेची सोय कर्नेलमध्यें २००७ च्या आरंभापासून होतीच. गूगलमधील दिमित्री व्यूकोव यांच्या सिझकॉलर या परीक्षकानें ती सोय अहोरात्र वापरावयास घेतली. पुढें त्यांत खोटीं यूएसबी यंत्रें खोंचण्याचीहि व्यवस्था झाली. खोटें यंत्र म्हणजे असें कीं जें स्वतःला अमुक कंपनीचें वायफाय यंत्र म्हणवितें, आणि मग ऐन वेळीं गप्प बसतें किंवा भलतेंच उत्तर देतें.

नोव्हेंबर २०१९ मध्यें अशा राहून गेलेल्या परतफेडींची एक मोठी मालिकाच सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादींत दाखल झाली. तींत रिअलटेक कंपनीच्या यूएसबी वायफाय यंत्रांच्या ड्रायव्हरचाहि नंबर लागला. त्याच्या आरंभाच्या फंक्शनांत दोन गळत्या होत्या. दप्तर घेतल्यानंतर दुसरी मेमरी मिळाली नाहीं तर दप्तर तसेंच राहत असे. आणि दुसरी मिळून पुढें अडलें तर तीहि तशीच राहत असे. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती. अशा दोषाला सुरक्षेचा दोष म्हणावें कीं नाहीं यावर तेव्हां बरीच कुरकुर झाली, आणि ती अगदींच अवाजवी नव्हती. मेमरी मिळण्याचें मुद्दाम हुकविणें हें आक्रमकाच्या हातांत सहसा नसतें.

परंतु २०२२ सालचा प्रसंग कुरकुरीचा नव्हता. अथेरोस कंपनीच्या यूएसबी वायफाय यंत्राचा ड्रायव्हर आधीं यंत्राला फर्मवेअर भरवितो, मग दप्तर मागून घेतो, आणि यंत्राकडून ‘मी तयार आहें’ असा निरोप येण्याची ठराविक वेळ वाट पाहतो. निरोप आला नाहीं तर तो दप्तर परत करून बाहेर पडतो. यांत चूक कोठें? परतफेड तर झाली! चूक अशी कीं, वाट पाहण्यापूर्वींच त्यानें त्या दप्तराचा पत्ता एका सामाईक जागीं लिहून ठेवलेला होता. यूएसबीवरून येणारे निरोप घेणारें फंक्शन दुसरीकडे चालूच होतें, आणि तें त्याच पत्त्यावर जाऊन किती निरोप आले व किती टाकून दिले याची मोजदाद लिहीत असे. दप्तर परत गेलें, पण पत्ता पुसला गेला नाहीं. नंतर आलेला पहिलाच निरोप, केवळ मोजण्याच्या निमित्तानें, दुसऱ्याच्या मेमरींत खरडून जाई. संगणकावर बसलेल्या दुष्ट माणसानें मुद्दाम हें अडणें घडवून आणलें तर तो संगणक बंद पाडूं शकेल, आणि कदाचित् आपल्या वाट्याला नसलेले अधिकारहि मिळवूं शकेल, असें त्या वेळीं जाहीर झालें. सिझकॉलरच्या यांत्रिक पहारेकऱ्याला हा दोष आधींच दिसलेला होता.

दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. दुरुस्त करणारानें परतफेडीला हात लावला नाहीं. त्यानें पत्ता लिहिण्याची ओळ उचलून आरंभाच्या अगदीं शेवटीं, सर्व कांहीं जमल्यानंतर, नेऊन ठेवली. आणि पत्ता नसेल तर मोजदाद करूं नये असें मोजणाराला सांगितलें. लग्न ठरल्याशिवाय पत्रिका वांटावयाच्या नाहींत, इतकीच ती गोष्ट! येथें हिओ यांच्या वहीचीहि मर्यादा दिसते. काय घेतलें याचा हिशेब वही चोख ठेवते. आपला पत्ता कोणाकोणाच्या खिशांत जाऊन बसला आहे तें वहीला ठाऊक नसतें. शिवाय कांहीं गोष्टी वहीवर आणि कांहीं हातावर अशी सरमिसळ केली, तर हातावरच्या मेमरीची परतफेड आधीं होते आणि वहीवरचें इंटरप्टचें बोलावणें मागून रद्द होतें. तेवढ्या निमिषांत हांक आली कीं पुन्हां तीच गत. वही वापरूनहि वहीचा क्रम ध्यानांत ठेवणें सुटत नाहीं.

स्मरणाचें ओझें याहूनहि खालीं, थेट भाषेवर टाकण्याची कल्पना नवी नाहीं. बेल प्रयोगशाळेंतच १९७९ पासून ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनीं ‘सी’ची जी पुढची पिढी घडविली, तिच्यांत वस्तु दृष्टिआड होतांच तिची आवराआवर आपोआप होते. लिनक्सनें ती भाषा कधीं स्वीकारली नाहीं. पण ‘सी’चा जो अनुवादक लिनक्स वापरतें, त्यांत अशीच एक आपोआप आवरण्याची खूण २००३ च्या सुमारास आली होती, कर्नेलनें तिच्याकडे वीस वर्षें पाठ फिरविली आणि ऑगस्ट २०२३ च्या ६.५ या आवृत्तींत पीटर झिल्स्ट्रा यांच्या प्रयत्नानें तिला आंत घेतलें. त्याच्या आधीं, डिसेंबर २०२२ मध्यें, रस्ट नांवाच्या नव्या भाषेलाहि कर्नेलमध्यें पाय ठेवावयास जागा मिळाली होती. तिच्यांत वस्तूचा मालक कोण, पत्ता कोणापाशीं किती काळ राहूं शकतो, हें लिखाण तपासतांनाच पाहिलें जातें. अथेरोसच्या ड्रायव्हरसारखा प्रसंग अशा भाषेंत सरळपणें लिहिणेंच कठीण जातें. अर्थात् हजारों जुने ड्रायव्हर ‘सी’मध्यें आहेत आणि ते कोणी एका रात्रींत पुन्हां लिहिणार नाहीं.

आणि सर्वांचें यावर एकमत आहे असेंहि नाहीं. लिनक्सचा जाळ्यांचा विभाग, ज्याच्या छायेखालीं हे सर्व वायफाय ड्रायव्हर येतात, त्याच्या व्यवस्थापकांनीं आपल्या नियमांत लिहून ठेवलें आहे कीं आपोआप आवरण्याच्या साधनांविषयीं, हिओ यांच्या वहीसुद्धां, त्यांना पूर्वीपासून साशंकता वाटत आली आहे. तीं साधनें चालवून घेतलीं जातील, पण पसंतीचीं म्हणून नव्हे. फंक्शन संपतांच कुलूप आपोआप उघडणारी जी नवी सोय आहे, ती तर वीस ओळींहून लांब फंक्शनांत शक्यतों वापरूं नये असें त्यांचें सांगणें आहे. ‘गो टू’चा जुना जिना त्या विभागांत अजून वापरांत आहे.